कानात सांगितलेला आकडा

लाँड्रीच्या वरच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. खालून इस्त्रीची वाफ येत होती आणि वर माणसांची वाफ तिला मिळत होती. खुर्च्या कधीच भरल्या होत्या. काही लोक खिडक्यांच्या कठड्यांवर बसले होते, आणि ज्यांना तेही मिळालं नव्हतं ते भिंतीला पाठ लावून, मोबाईल छातीशी धरून उभे होते. मोबाईल छातीशी धरायला कारण होतं. त्या मोबाईलमध्ये चमत्कार होता.

"जुळला!" एक बाई उभ्या राहून सांगत होत्या. "सरांनी मागच्या रविवारी माझ्या कानात आकडा सांगितला. मी घरी गेले, फोनमध्ये बघितलं, तर टिंबाला टिंब जुळला हो! सर आमच्या घरी कधी आलेले नाहीत. आमचं घर कुठल्या गल्लीत आहे हेही त्यांना माहीत नाही. तरी जुळला!"

हॉलभर एक लांब सुस्कारा पसरला. माझ्या शेजारी बसलेल्या ताईने माझा हात दाबला. दाबला म्हणजे चांगलाच दाबला, माझी अंगठी बोटात रुतली.

समोर सर बसले होते. अंगात फिकट निळा, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. कपाळावर काही नाही, गळ्यात काही नाही. "मला महाराज म्हणू नका," ते प्रत्येक बैठकीत म्हणायचे, "मी चमत्कार करत नाही. मी फक्त घरांची स्पंदनं वाचतो." म्हणून सगळे त्यांना सर म्हणत. मी मनातल्या मनात स्पंदनसर म्हणत असे.

"प्रत्येक घराचा एक मूळ आकडा असतो," सर सांगत होते. "घराला तो माहीत असतो, घरातल्यांना नसतो. पूर्वी तो भिंतींमध्ये राहायचा. आता भिंती पातळ झाल्या. म्हणून तो पेटीत उतरला."

पेटी म्हणजे घरोघरी कोपऱ्यात दिवे लुकलुकवत बसलेली वायफायची पेटी. भिंती पातळ झाल्या म्हटल्यावर मात्र सगळ्यांनी मान डोलावली, मीसुद्धा. आमच्या इमारतीत शेजारी शिंकला तर आपण रुमाल शोधतो.

आकडा मिळायची रीत अशी. माणसाने पुढे जाऊन स्टुलावर बसायचं आणि डोळे मिटायचे. सर विचारायचे, "पेटीचा रंग?"

"पांढरा."

"हं. पांढरा, शांत." किंवा कोणी काळा म्हणालं, तर "काळा, खोल." मग एक मोठा श्वास. मग सर वाकून कानात आकडा सांगायचे. घरी जाऊन फोनच्या सेटिंगमध्ये वायफायवर बोट ठेवायचं, खाली 'गेटवे' लिहिलेलं असतं, त्याच्यापुढे बघायचं. कानातला आकडा आणि फोनमधला आकडा एकच निघायचा.

"आणि लक्षात ठेवा," सर शेवटी उभे राहून म्हणायचे, "हा आकडा कोणाला सांगायचा नाही. नवऱ्याला नाही, बायकोला नाही, शेजाऱ्याला तर नाहीच नाही. बोललात की आकडा फुटला. फुटलेल्या आकड्याच्या घरात काही टिकत नाही."

आता आमच्या ताईबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. तिच्या पोटात काही राहत नाही. गुपित सांगताना ती आवाज खाली आणते, आणि तिचा खाली आणलेला आवाज वरच्या मजल्यावर स्पष्ट ऐकू जातो. लहानपणी माझ्यासाठी आणलेली वाढदिवसाची भेट कोणती, हे मला दरवर्षी तिच्या कुजबुजीतून कळायचं, आणि मी तेव्हा शेजारच्या खोलीत असायचे. अशी ही ताई आकडा मिळाल्यापासून त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हती.

"काय सांगितला गं आकडा?" मी विचारलं.

"नाही सांगणार."

"मलासुद्धा?"

"छोटी, तू विचारूच नकोस." तिने ओठ असे मुडपले की जणू आकडा दातांपर्यंत आलाच होता.

या सगळ्या प्रकरणात मी खरोखर थक्क झाले ती एवढ्याच गोष्टीने.

ताईच्या घरातल्या पेटीवर आता सरांकडची तांब्याची टोपी बसली होती. आकडा उडून जाऊ नये म्हणून. आकडा कुठे जाणार होता देव जाणे, पण वायफाय मात्र आतल्या खोलीत पोचेनासं झालं. त्यामुळे माझा भाचा फोन घेऊन बाहेर येऊन आईच्या शेजारी बसू लागला. "बघ," ताई मला म्हणाली, "घर कसं जवळ आलं." ते खरंच जवळ आलं होतं.

इथपर्यंत मी गंमत बघत होते. मग सरांनी पुढचा धडा काढला. त्याचं नाव आसनक्रम.

"मूळ आकड्याच्या शेवटी एक असतो किंवा एकासारखं काही," सर म्हणाले. "ते घराचं आसन. पण घरातल्या प्रत्येक फोनलाही आकडा असतो. शेवटचा अंक म्हणजे त्या माणसाचं आसन. दोनवर घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने बसायला हवं. घरी जाऊन बघा, दोनवर कोण बसलंय."

त्या संध्याकाळी आमच्या भागातल्या घराघरात फोन उघडले गेले. एका घरी दोनवर जावई निघाला. एका घरी दोनवर प्रिंटर होता, तिथे सगळे प्रिंटरकडे संशयाने बघू लागले. आणि ताईच्या घरी दोनवर तिची सून होती, तीनवर टीव्ही, चारवर मुलगा. ताई पाचवर.

"टीव्हीच्याही खाली!" ताई मला फोनवर म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. मी हसले, आणि लगेच वाटलं की हसायला नको होतं.

भाऊजी गेल्यावर ताईने ते घर एकटीने चालवलं होतं. कोणती खिडकी पावसात अडकते, कोणता नळ हळू पिळायचा, कोणाचं दूध कधी येतं, सगळं तिच्या बोटांवर. आता गॅस सुनेच्या फोनवरून बुक व्हायचा, विजेचं बिल सुनेच्या फोनवर यायचं, दूधवाल्याला नको म्हणायचं तेही फोनवरून. कोणी ताईला बाजूला सारलं नव्हतं. फक्त एकेक काम चालत चालत फोनमध्ये शिरलं होतं, आणि प्रत्येक वेळी तिला हाक मारून विचारावं लागत होतं, "अगं, गॅस आला का?" सरांनी तिला तेच सांगितलं जे तिला वाटतच होतं. वर त्याला आकडा जोडून दिला.

उपायही दिला. "सुनेचा दोष नाही," सर म्हणाले. सर कधीच कोणाला दोष देत नसत, फक्त घराबाहेर पाठवत. "तिला काही काळ तिच्या आईकडे राहू दे. आसन मोकळं झालं की मी सांगेन. पुढच्या रविवारच्या बैठकीनंतर निघू दे."

मी गेले तेव्हा सुनेची बॅग भरून दाराशी उभी होती. भाचा बॅगेच्या एका बाजूला, म्हणजे कोणत्याच बाजूला नाही, असा उभा होता.

"मावशी, मी काय बोलू आता?"

"तोंड उघड," मी म्हटलं, "काहीतरी बाहेर येईल."

काही आलं नाही. मी स्वयंपाकघरात गेले. सून घेवडा निवडत होती. ती घरून कोणत्यातरी कंपनीचे हिशेब करते, दिवसभर लॅपटॉपसमोर असते, त्यामुळे पेटीचं काम कसं चालतं हे घरात तिलाच कळत होतं. पण आरोपीची साक्ष कोण काढतो?

"मी पहिल्याच दिवशी आईंना सांगितलं," ती म्हणाली. "म्हटलं, आई, हा आकडा आपल्या पेटीच्या कंपनीच्या सगळ्या पेट्यांना असतो. तर म्हणाल्या, माझा आकडा तुला कसा कळला? तेव्हापासून मी चोरही आहे."

"सगळ्या पेट्यांना एकच आकडा? मग गोंधळ नाही होत?"

तिने शेंग मोडता मोडता विचार केला. "मावशी, पाकिटावर नुसतं 'स्वयंपाकघर' असं लिहून टाकलं, तर पोस्टमन कुठे नेईल?"

"कुठेच नाही. प्रत्येक घरात एक आहे."

"पण आपण घरात म्हटलं, 'पाणी स्वयंपाकघरात ठेव', तर चुकतं का? तसंच आहे. हे आकडे घरातल्या घरात वापरायचे. पेटीला बाहेरच्या जगासाठी कंपनी वेगळा आकडा देते, तो वेगळा. बाहेरून काहीही मागवलं की पेटी तो बाहेरचा पत्ता लावते, सामान आलं की घरात ज्याने मागितलं त्याच्या हातात देते. बाहेरच्यांना आतले आकडे दिसतच नाहीत. म्हणून लाखो घरांत तेच असले तरी चालतात."

"आणि हे दोन, तीन, चार?"

"दवाखान्यात टोकन देतात ना? दोन नंबरचं टोकन मिळालं म्हणजे तो पेशंट तीन नंबरच्या डोक्यावर बसला का? आमच्या पेटीचंही तसंच, जो आधी येऊन मागेल त्याला पुढचा नंबर. तोही उसना, काही काळाने पेटी परत घेऊ शकते, बदलून देऊ शकते." तिने मोडलेल्या शेंगा ताटलीत टाकल्या. "नवी पेटी बसवली त्या दिवशी मी तिथे उभी होते, म्हणून माझा फोन आधी जोडला. मग टीव्ही जोडला. मग हे ऑफिसातून आले. आईंचा फोन शेवटी, कारण पासवर्ड वाचायला त्यांना चष्मा सापडत नव्हता."

"कुठे होता चष्मा?"

"फ्रिजवर."

तर एका घराच्या आसनक्रमाचं भवितव्य फ्रिजवर पडलेल्या चष्म्याने ठरवलं होतं, आणि त्यापायी एक बॅग भरली गेली होती.

मला सुनेचं म्हणणं पटलं. पण मला पटून उपयोग नव्हता. आणि खरं सांगायचं तर, सुनेनं सांगितलं म्हणून विश्वास ठेवणं आणि सरांनी सांगितलं म्हणून विश्वास ठेवणं यात मला फार फरक दिसेना. स्वतः करून बघायला हवं होतं. मी पडदे शिवते, कापड आपल्या हाताने मोजल्याशिवाय कात्री लावत नाही.

सर आठवड्यात मधेही एकेकट्याला भेटत. मी गेले, स्टुलावर बसले, डोळे मिटले.

"पेटीचा रंग?"

"पांढरा," मी म्हटलं.

आमच्याकडची पेटी काळी आहे. कुळकुळीत.

"पांढरा, शांत," सर म्हणाले. मोठा श्वास झाला. पेपरमिंटचा वास आला आणि माझ्या कानात आकडा पडला: "एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, एक."

घरी येऊन फोन बघितला. एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, शून्य, एक. जुळला नाही. मग मी पेटी उचलून उलटी केली. तळाला एक लेबल चिकटवलेलं होतं. त्यावरची धूळ फुंकली, तर तिथेही फोनमधलाच आकडा छापलेला. घराचं ते परमगुह्य कारखान्यातूनच छापून आलं होतं, आणि मी त्याच्या वर आठवड्यातून एकदा फडकं फिरवत होते.

म्हणजे सरांचं सगळं स्पंदन त्या एका प्रश्नात होतं. आमच्या भागात दोनच कंपन्यांच्या पेट्या आहेत. पांढरी म्हटलं की एक आकडा, काळी म्हटलं की दुसरा. श्वास आणि पेपरमिंट फुकट.

ताईची पेटी पांढरी. मी धावत ताईकडे गेले. तिला बाजूला घेतलं आणि तिच्या कानात तिचा आकडा सांगितला.

ताई पांढरी पडली. "माझा फोन उघडलास!"

"नाही."

"मग तिने सांगितला तुला."

"ताई, ऐक. हाच आकडा सरांनी मला सांगितला. माझ्या घराचा म्हणून!"

ताईचे डोळे भरून आले. तिने माझे दोन्ही हात धरले. "छोटी," ती म्हणाली, "म्हणजे तुझं-माझं घर एकच आहे. सख्ख्या बहिणी ना आपण."

मी खाली बसले. एवढ्या प्रेमाने माझा पुरावा आजवर कोणी फेटाळला नव्हता.

रविवार उजाडला. बॅग दाराशी, सून आत, भाचा मध्ये. बैठक संपली की भाचा तिला पोचवायला निघणार होता. ताई आणि मी हॉलवर गेलो. ताईच्या दुसऱ्या बाजूला त्या 'जुळला'वाल्या बाई बसल्या होत्या.

सरांनी विचारलं, "कोणाला काही अनुभव सांगायचाय?"

मी उभी राहिले. ताईला वाटलं मी अनुभव सांगणार, ती कौतुकाने वर बघायला लागली.

"सर, माझा आकडा जुळला नाही."

"विश्वास कमी पडला असेल," सर मायेने म्हणाले.

"नाही सर, रंग चुकला. माझी पेटी काळी आहे. मी पांढरी सांगितली होती."

हॉलमध्ये चुळबुळ झाली. पण सर काही कच्चे नव्हते. ते हसले. "बाई, आरशासमोर तोंड वाकडं करायचं आणि मग आरशाला नावं ठेवायची? खोटं बोलून विचारलंत, खोटंच उत्तर आलं."

लोक हसले. टाळ्याही पडल्या. ताईने माझ्या कपड्याला खाली ओढलं.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "म्हणजे आकडा माझ्या घरातून आला नाही. मी जो रंग बोलले त्यातून आला. मग पांढऱ्या पेटीवाल्या सगळ्यांना एकच आकडा मिळाला असेल. ते आत्ता इथे तपासता येईल. माझ्या कानात सांगितलेला आकडा मी मोठ्याने सांगते."

सर उठून उभे राहिले. "फुटेल!"

"माझ्या घराचा नाहीच तो. फुटू दे." आणि मी सांगितला. "एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, एक."

मला वाटलं होतं आता चहूकडून आवाज येतील, माझाही तोच, माझाही तोच. तसं काही झालं नाही. हॉल एकदम गप्प झाला. खालच्या इस्त्रीचा फस् आवाज ऐकू आला. अर्ध्या हॉलच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता, आणि त्यातल्या प्रत्येकाला वाटत होतं की फक्त आपलाच उतरलाय. लोक माझ्याकडे असे बघत होते की जणू मी त्यांच्या घरात घुसून कपाट उघडलं. कोणी बोलेना. बोलायचं नव्हतंच ना. तेव्हा मला सरांची खरी करामत कळली. आकड्यात काही नव्हतं. करामत होती ती या गप्प बसवण्यात. प्रत्येकाला त्यांनी एकटं केलं होतं, भरलेल्या हॉलमध्ये.

सरांनाही ते कळलं. ते हळूच खाली बसले. "बघितलंत?" ते म्हणाले. "कोणाचाच नाही."

तेवढ्यात 'जुळला'वाल्या बाई रडायला लागल्या. आवाज न करता, तोंडावर हात धरून. आणि शेजारी कोणी रडत असलेलं आमच्या ताईला बघवत नाही. सिनेमात कोणी रडलं तरी ती पडद्याकडे रुमाल धरते. ती त्या बाईंकडे झुकली, आवाज खाली आणला आणि कुजबुजली.

"अहो, तुम्ही कशाला रडता? तुमचा नाही हो फुटला. तो माझा आकडा आहे."

ताईची कुजबुज. शेवटच्या रांगेपर्यंत पोचली.

बाईंनी हात खाली घेतला. "तुमचा? नाही हो, माझा आहे तो."

"माझा आहे. मला सरांनी पहिल्याच दिवशी दिला."

"अहो, मलाही!"

मग खिडकीच्या कठड्यावरून कोणीतरी म्हणालं, "थांबा, तो तर आमचा." "आमचा म्हणजे? आमचा!" "तुमची पेटी पांढरी?" "हो, तुमची?" मिनिटभरात हॉलचा बाजार झाला. इतके दिवस छातीशी धरलेले मोबाईल लोक एकमेकांच्या नाकासमोर धरू लागले.

"एक मिनिट!" मॅनेजरकाका उठले. ते बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेत, बोलले की लोक अजून रांगेत उभे राहतात. "माझा आकडा हा नाही. वेगळा आहे."

"बघा!" सर पुन्हा उठले. "बघा, म्हणजे..."

"काका, तुमची पेटी काळी का?" मी विचारलं.

"हो."

"शेवटी शून्य आणि एक?"

काकांनी सरांकडे बघितलं. सरांनी छताकडे बघितलं. "हो," काका म्हणाले. आणि मागून तीन-चार काळ्या पेटीवाले ओरडले, "आमचाही!"

काकांनी चष्मा काढून पुसला. "मी आयुष्यभर काउंटरवर लोकांना सांगितलं, पिन कोणाला सांगू नका," ते हळू म्हणाले. "सरही कोणाला सांगू नका म्हणाले, तेव्हा मला वाटलं, माणूस जबाबदार आहे."

मला काकांचं ते बोलणं आवडलं. फसलो हे सांगायला मॅनेजर असावं लागत नाही, पण मॅनेजर असूनही सांगितलं हे विशेष.

"मग आम्हाला नक्की सांगितलं काय सरांनी?" 'जुळला'वाल्या बाईंनी विचारलं. त्यांचे गाल अजून ओले होते.

"सरांनी आपल्या प्रत्येकाच्या कानात एवढंच सांगितलं," मी म्हटलं, "की तुमच्या घराला दार आहे. कोणाला सांगू नका म्हणाले. आपण घरी गेलो, बघतो तर काय, खरंच दार!"

आधी एक जण हसला. मग हसू पसरत गेलं, आणि त्यात थोडी लाजही होती. सर म्हणाले, "आज स्पंदनं गढूळ आहेत, पुढच्या रविवारी बोलू," आणि मागच्या जिन्याने उतरले. पुढचा रविवार आला, सर आले नाहीत. इस्त्रीला टाकलेले त्यांचे तीन निळे शर्ट लाँड्रीत बरेच दिवस पडून होते.

एक आजोबा मात्र जाता जाता मला म्हणाले, "ते सगळं ठीक आहे हो. पण जुळला होता ना?"

आम्ही ताईच्या घरी परतलो. दार उघडलं. बॅग तिथेच होती. भाचा बूट घालून तयार. सून आतून बाहेर आली, हातात पर्स घेऊन, कोणाकडेही न बघता.

ताई बॅगेसमोर थांबली. "ही इथे कोणी ठेवली?" तिने भाच्याला दरडावलं. "येता-जाता पाय अडकतो माणसाचा. आत ने."

भाच्याने त्या आठवड्यातलं पहिलं ठाम काम केलं. बॅग आत नेली.

मग चहा झाला. सुनेनं लॅपटॉप आणून ताईच्या पुढ्यात ठेवला आणि पेटीच्या सेटिंगचं पान उघडून दाखवलं. तिथे सगळे होते: सुनेचा फोन, टीव्ही, भाचा, मग ताई, आणि तळाला हा लॅपटॉप.

"आई, तुमचा फोन दोनवर करू? इथे एकदा लिहून ठेवलं की तुम्हाला कायम तोच आकडा मिळेल."

ताई वाकून बघत होती. चष्मा नाकावर होता, या वेळी सापडला होता. "म्हणजे हे आसन असं टाईप करून बदलता येतं?"

"हो. आत्ता."

ताईने जरा वेळ त्या आकड्यांकडे बघितलं. "मग राहू दे," ती म्हणाली. तिने लॅपटॉप बाजूला सारला आणि स्वतःचा फोन सुनेच्या हातात दिला. "त्यापेक्षा मला गॅस कसा बुक करायचा ते दाखव. आणि ते बिलाचं. आणि दूधवाल्याचं. पण तू करू नकोस, माझ्याकडून करून घे."

सून तिच्या शेजारी बसली. "इथे दाबा, आई."

"इथे?"

"त्याच्या खाली."

मी कप उचलून आत गेले. माझं तिथे काही काम नव्हतं. मागून ताईचा आवाज आला, "आणि त्या टीव्हीला तेवढं माझ्या खाली टाक हं."

मी निघण्याआधी सुनेनं आणखी एक काम केलं. जो आकडा कोणापासूनही लपवायची गरज नव्हती तो ताईने प्राणपणाने जपला होता, आणि वायफायचा पासवर्ड मात्र पाहुण्यांची सोय म्हणून दाराबाहेर घंटीच्या वर चिकटवून ठेवला होता, पेटीच्या पानात शिरायच्या पासवर्डासकट. सुनेनं तो कागद काढला, दोन्ही पासवर्ड बदलले आणि सांगितलं, "आई, गुपित ठेवायचं ते हे. हे खरंच कोणाला सांगायचं नाही."

ताईने गंभीरपणे मान हलवली. मी निघताना तिने मला दाराशी थांबवलं, आवाज खाली आणला आणि नवा पासवर्ड माझ्या कानात सांगितला.

वरच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, "काकू, शेवटचं अक्षर नीट ऐकू आलं नाही!"

पासवर्ड त्या दिवशी पुन्हा बदलावा लागला.

तांब्याच्या टोप्यांत आता बऱ्याच बाल्कन्यांमध्ये रोपं लावलेली आहेत, चांगली वाढतात. आणि सरांसारखा माणूस पुन्हा येईलच, कदाचित शर्टाचा रंग वेगळा असेल, आणि आकड्याऐवजी आणखी काहीतरी कानात सांगेल. तेव्हा त्याच्याशी वाद घालायला फार मोठी विद्या लागत नाही. पासवर्ड, पिन जपून ठेवा, ती तुमची स्वतःची गुपितं. पण कोणी तुम्हाला तुमच्याबद्दलचं सत्य सांगितलं आणि वर म्हणाला की हे कोणाजवळ बोलायचं नाही, तर घरी जाताना शेजारणीचं दार वाजवा. तिला विचारा, तुला काय सांगितलं गं? आणि मग दोघी मिळून ती पेटी एकदा उलटी करून बघा.